कच्च्या फाइलीतला चेहरा

बायको गेली त्याला आठ महिने झाले होते. तिचे रंगही गेलेत, हे मात्र त्याला एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला कळलं.

लेकीचा फोन आला होता. तिने नुकतंच घर बदललं होतं. "बाबा, मला आईचा तो जिन्यातला फोटो हवाय. मोठा. सोफ्याच्या वर सगळी भिंत रिकामी आहे."

"आत्ता देतो," असं म्हणून तो कॉम्प्युटरसमोर बसला. फोटोवाल्याच्या घरात फोटोला काय तोटा! त्याने फोल्डर उघडलं, फोटो उघडला आणि बघतच राहिला. बायको मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली, हातात चहाचा कप, अंगात मरून स्वेटर. पण सगळंच दहा वेळा धुतल्यासारखं दिसत होतं. स्वेटर विटका, मागची भिंत राखाडी, चेहरा जुन्या वर्तमानपत्रासारखा.

चुकीचा फोटो उघडला असेल म्हणून त्याने पुढचा उघडला, मग मागचा. मग शाळेचे, लग्नांचे, बारशांचे फोटो उघडले. सगळीकडे तेच. सोळा वर्षांचे फोटो, आणि एकातही रंग नाही.

कॅमेऱ्यातून जी फाइल निघते तिला रॉ म्हणतात. रॉ म्हणजे कच्ची. तिच्यात सगळं असतं आणि दिसत काहीच नाही. रंग तिच्यातून काढावा लागतो, आणि ते काम सोळा वर्षं बायकोचं होतं. हा फोटो काढायचा, ती रंग काढायची. कुठला रंग किती वाढवला, कुठे उजेड दिला, हे मूळ फाइलीत लिहिलं जात नाही. तिच्या शेजारी त्याच नावाची एक चिमुकली फाइल तयार होते, तिच्यात ते राहतं. मोठी फाइल म्हणजे पेटी, आणि ही तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी.

बायको गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात जुनी हार्डडिस्क कटकट वाजायला लागली होती. हा घाईघाईने नवी घेऊन आला आणि सगळे फोटो तिच्यावर टाकले. मोठ्या फाइली तेवढ्या घेतल्या. त्या बारक्या फाइली कसल्या ते त्याला माहीत नव्हतं. बायको असताना कॉम्प्युटरसमोरच्या तिच्या खुर्चीवर तो कधी बसलाच नव्हता. कचरा असेल म्हणून सोडून दिल्या. मग भंगारात टाकण्याआधी जुन्या डिस्कवर हातोडीचे चार घाव घातले, लोकांचे फोटो भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून. हा शहाणपणाही त्याला बायकोनेच शिकवला होता.

रडू आलं नाही. आठ महिन्यांत रडायचाही कंटाळा आला होता.

"दोन-तीन दिवस दे," त्याने लेकीला कळवलं. बाकी काही सांगितलं नाही.

खरी गोष्ट अशी, की बाजारात सगळे त्याला 'रंगवाले' म्हणायचे. "फोटो काढायचा तर रंगवाल्यांकडेच. काय रंग असतो हो त्यांचा!" हे त्याने हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा मान तुकवून घेतलं होतं. बायको बाजूलाच असायची. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. फक्त घरी आल्यावर म्हणायची, "रंगवाले, चहा घेणार का?" तिच्या त्या म्हणण्याला किंचित धार असायची, पण लागेल एवढी नाही.

ती गेल्यापासून रंग कॅमेऱ्यालाच करायला लावून, फोटो जसे येतील तसेच तो लोकांना देत होता. शाळेच्या मोठ्या बाई परवाच म्हणाल्या होत्या, "अहो, यंदा सगळा वर्ग एकाच आईची लेकरं वाटतोय. सगळ्यांचा रंग एकच!" तो हसला होता. बाई हसल्या नव्हत्या.

आता जिन्यातला फोटो समोर घेऊन त्याने सगळ्यात सोपं ते केलं. सॅच्युरेशन नावाची पट्टी असते, ती उजवीकडे सरकवली की रंग चढतात. त्याने सरकवली. स्वेटर चढला, भिंत चढली. अजून थोडी सरकवली. बरं दिसायला लागलं. फोटो लेकीला पाठवला.

पाच मिनिटांत तिचा फोन. "बाबा, ही आई आहे का गाजर?"

"तुझ्या मोबाइलवर तसं दिसत असेल."

"माझ्या मोबाइलवर बाकीची माणसं माणसांसारखी दिसतात. आईने केला होता तोच पाठव ना. मी बघितलाय तो, मला माहितीये कसा होता ते."

"तोच शोधतोय," तो म्हणाला. खोटंही नव्हतं ते.

अडचण अशी होती की लेकीने तो रंग पाहिला होता आणि त्याने नव्हता. एका दुपारी बायको त्या एका फोटोसाठी तीन तास बसली होती. एरवी ती एका फोटोला तीन मिनिटं द्यायची. त्याने चेष्टाही केली, "स्वतःचा फोटो म्हटल्यावर दुपार गेली वाटतं?" ती म्हणाली, "अहो, इकडे या ना. बघा, जमलाय का?" तो दाराशी बसून फ्लॅशचे सेल बदलत होता. "मस्त," तो म्हणाला. मान वर न करता.

बुधवारी तो लॅबवाल्याकडे गेला. लॅबवाला म्हणजे त्याचे सगळे फोटो छापणारा माणूस. चष्मा कपाळावर चढवायचा आणि दुकानभर शोधत फिरायचा. वीस वर्षांची ओळख.

"जिन्यातला फोटो कधी छापला होतात का हिचा?"

"वहिनींचा? छे. लोकांचेच आणायच्या त्या. स्वतःचा एक नाही." लॅबवाल्याने पेनड्राइव्ह लावून तो लाल-केशरी फोटो मोठा करून पाहिला. "रंगवाले, कशाने केलात हा? कुंचल्याने का थापीने?"

"रंग भरलेला हवा होता."

"ओतून रंग भरत नाही हो. भाजीत मीठ जास्त टाकलं म्हणजे चव वाढते का?" त्याने कपाळावरचा चष्मा चाचपून डोळ्यांवर घेतला. "वहिनी काय करायच्या सांगू? आधी पांढरं ठरवायच्या. फोटोत जे खरोखर पांढरं आहे ते शोधायचं, ते पांढरं करायचं, की बाकीचे रंग आपापल्या जागी जाऊन बसतात. मग उजेड थोडा उतरवायच्या. रंग उजेडात विरतो, सावलीत मुरतो. आणि शेवटी, जो रंग हवा त्याला हातच नाही लावायचा. शेजारचे कमी करायचे. शेजारचे गप्प बसले की मधल्याचा आवाज येतो."

"हे तुम्हाला तिने सांगितलं?"

"तुम्हाला नाही सांगितलं?"

तो पेनड्राइव्हचं टोपण शोधायला लागला. लॅबवाल्याला आपण पाय टाकला तिथे खड्डा आहे हे समजलं, पण एकदा सुरू झालेलं तोंड त्याला बंद करता यायचं नाही. "तुमच्या निम्म्या फोटोंत उजेड कमी असायचा ना, रंगवाले. लग्नाच्या हॉलमधले तर अगदी काळे. त्या इथे बसून एकेक वर काढायच्या. मला म्हणायच्या, भाऊजी, त्यांना सांगू नका हं, नाहीतर उद्यापासून फ्लॅश मारून नवरी पांढरीफटक करतील."

त्याला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा आलं असेल, आणि तेही स्वतःवरच. घरी परत येताना त्याला फार दमल्यासारखं वाटलं. सोळा वर्षं आपण एका नावाचं ओझं वाहत होतो आणि ते ओझं आपलं नव्हतंच, हे कळल्यावर हलकं वाटायला हवं. त्याला वाटलं नाही.

शनिवारी लेक आली. "फोटो घेऊनच जाणार," म्हणाली. बॅग ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले, "बाबा, तू काय बिस्किटांवर जगतोस का?" म्हणाली आणि स्वतःच चहा टाकला. मग त्याने तिला चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं. हातोडीचंही सांगितलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं.

"सगळे रंग गेले?" ती म्हणाली.

"सगळे."

"म्हणजे तो फोटो आता फक्त माझ्या डोक्यात आहे."

"हो. म्हणून तू इथे बस आणि सांग. मी करतो."

स्टूल ओढून ती शेजारी बसली. बायकोच्या खुर्चीवर तो. खुर्ची त्याच्या मानाने जरा जास्त खाली होती, पण ती वर करायची कळ कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं आणि शोधावीशी वाटली नाही.

लॅबवाल्याने सांगितल्याप्रमाणे त्याने सॅच्युरेशन शून्यावर आणलं आणि पांढरं शोधायला घेतलं. बायकोच्या हातातला कप पांढरा होता. पांढरं कुठलं ते दाखवून द्यायचा ड्रॉपर असतो, तो घेऊन कपावर क्लिक केलं. सगळा फोटो थंडगार निळा झाला. बायको बर्फात बसल्यासारखी दिसायला लागली.

"हे काय केलंस?"

"कप पांढरा केला."

"कप पांढरा कुठे होता, बाबा? तो सायीच्या रंगाचा आहे. त्याच कपातून वीस वर्षं चहा पितोयस तू!"

"पांढरा आहे."

"पैज लाव."

तो उठला, मोरीतला कप विसळला आणि खिडकीशी नेला. बाहेर ढगाळ होतं. कप एका कोऱ्या कागदावर ठेवला. कागद पांढरा होता. कप सायीच्या रंगाचा होता. त्याने तो फिरवून फिरवून पाहिला.

"तुझ्या बापाला रंगवाला म्हणतात," तो म्हणाला.

"लोकांना काय," लेक म्हणाली.

मग त्याला एक गोष्ट सुचली. फोटोतलं जे जे घरात आहे ते ते आणायचं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरायचं. कप आणला. पांढरेपणाची पट्टी हळूहळू सरकवत पडद्यावरचा कप हातातल्या कपाशी जुळवला. निळं उतरलं. कपाटातून स्वेटर काढला. त्याची घडी अजून बायकोनेच घातलेली होती. लेकीने ती न मोडता दोन्ही हातांवर धरली. त्याने उजेड किंचित उतरवला, लाल न वाढवता शेजारचा केशरी थोडा कमी केला. स्वेटर मुरत मुरत खरा मरून झाला. लॅबवाल्याचं खरं होतं. ओतावं काहीच लागलं नाही.

"हाच!" लेक स्टुलावरून उठलीच. "बाबा, हाच होता! आता भिंत कर."

भिंतीसाठी दोघं मागच्या जिन्यात गेली. भिंत फिक्या निळ्या रंगाची, खाली पोपडे आलेली. त्याने मोबाइलवर न काढता ती नुसती डोळ्यांनी पाहिली, दोन मिनिटं, पाठ केल्यासारखी. वर येऊन निळा लावला. तोही बसला. जिना जिन्यासारखा झाला. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच एक काम धड केलं होतं, आणि आता आपोआप चेहराही नीट आलेला असणार म्हणून त्याने फोटो वर सरकवून चेहरा मोठा केला.

चेहरा पिवळा होता.

"तेवढं राहिलं," लेक म्हणाली. "चेहऱ्यावर पिवळं आलंय."

"पांढरं चुकलं असेल." त्याने कप पुन्हा धरला. कप बरोबर होता. स्वेटर बरोबर होता. भिंत बरोबर होती. चेहऱ्याशेजारी धरायला मात्र घरात काही नव्हतं.

"माझा हात धर," लेक म्हणाली. "सगळे म्हणतात ना, रंग आईचाच घेतलाय म्हणून." तिने बाही वर सारून मनगट पडद्याला लावलं. मनगट गव्हाळ होतं. चेहरा गव्हाळ नव्हता. कपाळ पिवळं, गाल पिवळे आणि हसताना बारीक झालेल्या डोळ्यांतलं पांढरंसुद्धा कपाच्या रंगाचं.

"हो, आठवलं!" लेक म्हणाली. "आईची यावरूनच कटकट चालली होती. मी इथे पलंगावर पडले होते, ती म्हणाली, मेलं चेहऱ्यावरचं पिवळं जाता जात नाही, भिंतीचा रंग पडलाय वाटतं. शेवटी काढलं तिने. तू पण काढ ना. पिवळ्याची पट्टी असेल की वेगळी."

पट्टी होती. त्याचा हात माउसवर होता. तो तसाच राहिला.

भिंतीचा रंग पडलाय. भिंत निळी होती. आत्ताच तो ती पाठ करून आला होता. निळ्या भिंतीचा चेहऱ्यावर पिवळा पडत नाही, हे त्याला आज कळलं असेल, पण सोळा वर्षं या खुर्चीत बसलेल्या बाईला ते झोपेतही कळत होतं.

त्याने फोटोची तारीख पाहिली. दोघं डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेली त्याच्या सात आठवडे आधीची. डॉक्टरांनी बायकोला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं होतं, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "हे पिवळं कधीपासून आहे?" उत्तर त्याने दिलं होतं. "आत्ता आत्ता. चार दिवस झाले असतील." डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, चारच दिवस." पुढे कधीतरी डॉक्टर बोलता बोलता म्हणून गेले होते, महिना-दीड महिना आधी आला असतात तर काही करता आलं असतं. हमी नाही, पण काही.

तीन तास ती स्वतःच्या चेहऱ्यावरचा पिवळा काढत बसली होती. मग त्याला हाक मारली होती. अहो, इकडे या ना. बघा, जमलाय का?

तिला कळलं होतं का? का कळूनही भिंतीवर ढकललं? का तो पाहील आणि काहीतरी म्हणेल म्हणून हाक मारली? त्याने खूप डोकं चालवलं असतं तरी याचं उत्तर मिळणार नव्हतं. उत्तर देणारी एकच होती.

"बाबा? पट्टी सापडत नाहीये का? सरक, मी बघते."

"नको," तो म्हणाला. आवाज जरा मोठा आला. "कॉम्प्युटर गरम झालाय. उद्या करतो."

"उद्या सकाळी मला निघायचंय."

"मग लॅबवाल्याकडून पाठवतो. तो पाठवतो व्यवस्थित, नळकांड्यात घालून."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. तो थकलाय असं तिला वाटलं असावं, आणि ते काही खोटं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. "पण फार गोरी नको हं करू. आई गोरी नव्हती." स्वेटरची घडी तिने होती तशी कपाटात ठेवली. रात्री जेवताना ती घराच्या पडद्यांबद्दल बोलली, नवऱ्याच्या नव्या नोकरीबद्दल बोलली. तो हो-हो करत राहिला. दोनदा त्याच्या ओठांवर आलं होतं. दोन्ही वेळा तो पाणी प्यायला.

रविवारी ती गेली. सोमवारी त्याने फोटो उघडला आणि पिवळ्याची पट्टी डावीकडे सरकवून पाहिली. चेहरा गव्हाळ झाला. सुंदर झाला. बायको त्याच्याकडे बघून हसत होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. त्याने पट्टी परत जागेवर आणली. चेहरा पिवळा झाला. असं त्याने किती वेळा केलं ते त्याला सांगता येणार नाही. पिवळा काढला की आपण पुन्हा मान वर न करता 'मस्त' म्हटल्यासारखं वाटायचं. ठेवला, तर लेकीच्या सोफ्याच्या वर तिच्या आईचा आजार टांगला जाणार होता, आणि येणारा-जाणारा विचारणार होता, फोटो असा पिवळट का हो?

बुधवारी लॅबवाल्याचा फोन आला. "रंगवाले, कागद काढून ठेवलाय, चांगल्यातला. फाइल कधी देताय?"

"देतो."

"झाला ना रंग?"

"स्वेटर झाला. भिंत झाली."

"आणि वहिनी?"

"उद्या बघतो," तो म्हणाला.

याला आता महिना झाला. लेक दर रविवारी विचारते, तो काहीतरी कारण सांगतो. ती भिंत अजून रिकामीच आहे. बाकीच्या एकोणीस हजार फोटोंना त्याने अजून हात लावलेला नाही, पण त्यांची घाई कुणालाच नाही. जिन्यातल्या फोटोचा चेहरा तेवढा करायचा राहिला आहे, आणि लेकीला सांगायचं राहिलं आहे.